तेल्चच्या चौकातून

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

वाईतल्या वाड्यांचे फोटो काढून नोंद करायचं काम तुमच्या गटाकडे आलंय हे कळल्यापासून मला फार आनंद झाला आहे. "बाबा, सुरुवात कुठून करू?" असं तू विचारलंस. ते फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. आता दादाने मला आणि तुझ्या आईला ब्रनोहून चेक प्रजासत्ताकातल्याच तेल्च या गावी आणलंय, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला माझ्यासमोर एक अख्खं गाव उभं आहे.

गाव लहान आहे. विसोचीनाच्या उंचवट्याच्या प्रदेशात, जवळजवळ सगळ्या बाजूंनी तळ्यांनी वेढलेलं. ही तळी माणसांनी बांधलेली, मासे वाढवायला आणि गावाच्या रक्षणालाही. मधोमध एक लांबट चौक, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळता होत गेलेला. चौकाच्या दोन्ही अंगांना घराला घर चिकटून उभं, आणि खालून सगळ्या घरांना जोडणारी कमानींची ओवरी. पाऊस असो की बर्फ, माणूस ओवरीतून कोरडा जातो. वर मात्र प्रत्येक घराचं डोकं वेगळं. कुणाचं पायऱ्यापायऱ्यांचं, कुणाचं गोलाईचं, कुणावर कंगोरे. गुलाबी, फिकट पिवळी, पिस्त्याच्या रंगाची घरं. 1992 साली प्राग आणि चेस्की क्रुमलोव्हबरोबर हे गाव जागतिक वारसा यादीत गेलं.

ही दर्शनी भिंत आली कशी, ते कॅमेरा उघडण्याआधी समजून घ्यावं. 1530 मध्ये गाव मोठ्या आगीत जळालं. पुढे वीसेक वर्षांनी जहागीर आली ह्रादेत्स घराण्यातल्या जखारियाशकडे. तो इटली पाहून आलेला माणूस. त्याने आपला जुना गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन धाटणीचा, गढीवजा वाडा बदलायला घेतला, त्यासाठी बाल्दासारे माज्जीसारखे इटालियन कारागीर आणले, आणि मालकाचं घर नव्या धाटणीचं झालेलं पाहून गावातले व्यापारी, बेकरीवाले, कसबी लोकही आपापल्या घरांना नवे चेहरे लावू लागले. चौकाला आज त्याचंच नाव आहे. वाड्यातल्या छोट्या देवघरात तो आणि त्याची बायको कातेर्झिना यांची समाधी आहे. तुझी आई तिथे बराच वेळ थांबली होती.

'चेहरे लावू लागले' असं मी मुद्दाम म्हटलं. पुढची भिंत सोळाव्या शतकातली दिसते, पण तिच्यामागची जोती, तळघरं, कित्येक ठिकाणी आतल्या भिंती त्याहून जुन्या आहेत. आणि 48 नंबरच्या घराला तर अठराव्या शतकात पुन्हा नवा, त्या काळच्या बरोक शैलीचा चेहरा मिळाला. म्हणजे एका घरात तीन काळ उभे असतात आणि समोरून काढलेल्या फोटोत एकच दिसतो. म्हणून माझं पहिलं सांगणं: वाड्याच्या मागे जा. इथे आम्ही तळ्याच्या पलीकडच्या वाटेने चाललो तेव्हा घरांच्या पाठी दिसल्या. अरुंद, लांबच लांब परसं, मागे जोडलेल्या पडव्या, वेगवेगळ्या काळात वाढवलेली छपरं. पर्यटक बहुतेक इकडे येतात ते पाण्यातल्या प्रतिबिंबासाठी. ते सुंदर आहेच, दादाने काढलंय, घरात लावू. पण तुला ज्या कामासाठी फोटो हवेत त्या कामाला ती पाठमोरी परसं जास्त उपयोगी.

तू काढशील तो फोटो आधी कुणासाठी आहे, हे मनात पक्कं ठेव. तो आत्ता पाहणाऱ्यासाठी नाही. तीस-चाळीस वर्षांनी त्या वाड्याची एखादी तुळई बदलायला कुणी सुतार उभा राहील, कुणी वास्तुविशारद नकाशा घेऊन बसेल, त्याला विचारायला कुणी उरलेलं नसेल, तेव्हा तुझा फोटो त्याच्यापुढे असेल. मी आयुष्यभर नगर भूमापनात नकाशे आणि मिळकत पत्रिका हाताळल्या. कुण्या अनोळखी भूमापकाने सत्तर वर्षांपूर्वी नीट काढलेली एक रेघ माझ्या हाती यायची आणि दोन भावांचं भांडण मिटायचं. तो माणूस कोण होता हे मला कधी कळलं नाही, पण त्याच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. तुझं काम त्याच जातीचं आहे असं मी मानतो.

ही नोंद नसली तर काय होतं ते याच देशात पाहायला मिळतं. लितोमिश्ल नावाच्या गावात एक मोठा वाडा आहे, त्याच्या भिंतींवर हजारो चौकोनी नक्ष्या कोरलेल्या आहेत आणि एकसारखी दुसरी नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ओल्ब्राम झौबेक आणि त्याच्यासोबतच्या कलावंतांनी त्या भिंती दुरुस्त केल्या. जिथे जुनी नक्षी पार गेली होती तिथे त्यांना स्वतःच्या कल्पनेने नवी भरावी लागली. ते थोर कलावंत होते म्हणून ते शोभलं. आपल्याकडे रंगवलेली भिंत गेली की तिच्यावर ऑइलपेंट येतो.

त्या नक्षीला स्ग्राफितो म्हणतात, आणि तेल्चमध्येही ती जागोजागी आहे. आधी कोळशाची पूड किंवा राख मिसळलेला गडद गिलावा, त्यावर चुन्याचा पांढरा पातळ थर, आणि तो ओला असतानाच वरचा थर खरवडून खालचा काळा रंग बाहेर काढायचा. चुना वाळायच्या आत काम संपवायचं, म्हणून कारागीर एका दिवसात होईल तेवढाच तुकडा भिंतीवर घेतो. 15 नंबरच्या कोपऱ्यावरच्या घरावर आणि 61 नंबरच्या घरावर ती मनसोक्त पाहता येते. इथल्या जखारियाशच्या वाड्यातल्या खजिन्याच्या खोलीत तर सपाट भिंतीवर अशी नक्षी आहे की पुढे आलेले दगड आणि कोनाडे खरेच आहेत असं वाटतं.

अशा भिंतीचा फोटो दोनदा काढावा. एकदा ढगाळ उजेडात, किंवा भिंत सावलीत असताना. तेव्हा काळं-पांढरं स्वच्छ वाचता येतं आणि नक्षीची नक्कल काढता येते. दुसऱ्यांदा ऊन भिंतीला घासून तिरपं पडत असताना. त्या वेळी नक्षी बाजूला राहते आणि भिंतीची प्रकृती दिसते: कुठे गिलावा फुगलाय, कुठे तडा आहे, कुठे नंतर ठिगळ मारलंय. चौकातल्या एका रांगेवर सकाळी ऊन येतं, समोरच्या रांगेवर दुपारनंतर, म्हणून आम्ही गाव दोन वेळा हिंडलो. वाईतल्या गल्ल्यांत ऊन फार थोडा वेळ उतरतं, तेव्हा कुठल्या भिंतीवर ते किती वाजता येतं हे आधी एक दिवस नुसतं फिरून वहीत लिहून काढ. कॅमेरा त्या दिवशी पिशवीतच राहू दे. तुळशीबागेत लुगडी निवडायला आई जशी सगळी दुकानं आधी नुसती पाहून येते, तसं.

मग कोन. उंच इमारत चौकटीत बसवायला कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. पर्यटनाच्या फोटोत चालतं. नोंदीत चालत नाही, कारण झुकलेली भिंत खरीच झुकलीये की कॅमेऱ्याने झुकवलीये हे नंतर कुणाला सांगता येणार नाही. कॅमेरा पातळीत धरायचा, मागे सरकायचं, खालची जमीन जास्त आली तर येऊ द्यायची. इथे चौक रुंद आहे, मागे सरकायला जागा मिळते. तुला मिळणार नाही. तेव्हा समोरच्या घराचं दार ठोठाव आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून फोटो घ्यायची परवानगी माग. इमारतीच्या निम्म्या उंचीवर पोचलीस की झुकण्याचा त्रास बराचसा संपतो, शिवाय चहा मिळतो आणि समोरच्या वाड्याची हकीकतही. फोनवरची फार रुंद पकडणारी लेन्स मात्र टाळ, ती कडेचे खांब ताणते. त्यापेक्षा भिंतीचे चार-पाच तुकडे घे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग येईल असे. त्यातून पुढे संगणकावर मापं काढता येतात.

फोटोवरून माप घ्यायची ही कल्पना आजची नाही बरं का. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर नावाचा तरुण 1858 मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या चर्चची मापं वर चढून घेत होता आणि पडता पडता वाचला. हे फोटोवरून का करू नये, असं त्याच्या मनात आलं, आणि पुढे 1885 मध्ये बर्लिनमध्ये खास याच कामाची सरकारी संस्था उभी राहिली. भूमापनातल्या माणसाला ही गोष्ट किती जवळची वाटते ते तू समजू शकशील.

या देशाचा एक छायाचित्रकारही तुला सांगायचा आहे. योसेफ सुदेक, जन्म 1896, कोलीन गावचा. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. एका हाताने तो लाकडी तिपाई आणि अवजड कॅमेरा घेऊन प्रागभर फिरायचा. प्रागचं सेंट व्हीटस कथीड्रल 1344 मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं 1929 मध्ये. ते शेवटचं काम चालू असताना सुदेक आत जाऊन फोटो काढत होता. फावडी, ढकलगाड्या, दगडांचे ढीग, आणि त्यावर खिडकीतून आलेला उन्हाचा झोत. दुसऱ्या कुणी परांची निघायची वाट पाहिली असती. तू पाहू नकोस. वाड्यात सुतार आला, कौलं उतरवली, भिंत उघडी पडली की तोच दिवस सोन्याचा. तुळई भिंतीत कशी बसवलीये हे एरवी दिसतच नाही. असं काही निघालं तर हातातलं बाकीचं सोडून जा.

आणि माणसांना चौकटीतून हाकलू नकोस. इथे ओवरीतल्या दुकानदार बाईंनी सकाळी फलक बाहेर मांडला, झाडू मारला, तो फोटो मला सगळ्यांत आवडलाय. त्यांच्या उंचीवरून कमान केवढी तेही कळतं. तुझ्या फोटोत कुणी नसेल तर मोजपट्टी उभी कर.

शेवटी नावं. इथल्या घरांवर दिसणारे नंबर मारिया तेरेझा राणीच्या काळातल्या, 1770 च्या गणनेपासूनच्या पद्धतीचे. रस्त्यावरच्या क्रमाशी त्यांचा संबंध नसतो, पण घर ओळखायला ते पक्के. दुकानं बदलतात, मालक बदलतात, नंबर राहतो. तू प्रत्येक फाइलच्या नावात आधी नगर भूमापन क्रमांक घाल, मग दिशा, मग तारीख. 'जोशीवाडा मागची बाजू' असं लिहू नकोस. वाईत जोशीवाडे किती निघतील ते तुलाच मोजावं लागेल. क्रमांक सापडत नसतील तर मला कळव, कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा कसा मागायचा ते मी सविस्तर लिहून पाठवतो. आणि मूळ फाइल कापू-छाटू नकोस, दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेव.

पाऊस यायच्या आत छपरं आणि नक्षीचे सज्जे उरकून घे. प्लास्टिकचे कागद एकदा चढले की दिवाळीपर्यंत काही दिसणार नाही. तळमजले, वाड्यांतले आतले चौक, देवळ्या, जिने पावसातही होतील.

आईची तब्येत चांगली आहे. तिने तुझ्यासाठी इथल्या चौकाची पाच-सहा पोस्टकार्डं घेतलीत. आम्ही रविवारी ब्रनोला परतू, तोवर पहिल्या वाड्याचे फोटो पाठव. पुढचे आणि मागचे, दोन्ही.

तुझे,
बाबा