जाळी भरतायत, म्हणून लिहितोय

प्रिय सुध्या,

तुझ्या मेसेजांना उत्तर दिलं नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, गुडघा कुरकुरतो, चालायचंच.

परवाच्या बैठकीत तुझी फार आठवण आली. यंदा जाळ्याच्या एका ओढीला मिळणारी मासळी वाढलीय, म्हणून सगळे खूश. समुद्रातला साठा वाढला, पकडीचा कोटा वाढवा! मी म्हटलं, तापमानाचा नकाशाही बघा, थंड पाण्याचा पट्टा आक्रसून किनाऱ्याला चिकटलाय, मासा त्यातच कोंडलाय. तर साहेब म्हणाले, "तुम्ही मासे मोजा हो, पाण्याचं पाणी बघेल." सगळे हसले. तू असतास तर टेबलावर हात आपटून कपबशा फोडल्या असत्यास. नव्हतास तेच बरं.

डबकं आटत आलं की मासा हातानंही धरता येतो, म्हणून काय तो वाढला? पेरूत हेच झालं ना? १९७० साली अँचोव्ही या छोट्या माशाची पकड १ कोटी २० लाख टनांच्या वर. १९७२ मध्ये एल निनो आला, समुद्र तापला, मासा किनाऱ्यालगतच्या उरल्यासुरल्या थंड पाण्यात दाटला, आणि सुरुवातीला जाळी ओसंडली. १९७३ मध्ये २० लाख टनसुद्धा नाही. वारा थांबला नव्हता, खालचं पाणी वर येतच होतं. पण उबदार थर इतका जाड झालेला की वर यायचं तेही उबदारच, पोषक क्षारांविना. मग प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, कुठून, आणि मासा खाणार काय? हे तूच समजावलं होतंस, हॉस्टेलच्या गच्चीवर, माझी शेवटची सिगारेट फुंकत. पण मासा समुद्रामुळे गेला की माणसांमुळे, त्या आपल्या भांडणात मात्र मी हटणार नाही. पिल्लं कमी उपजली ते समुद्रामुळे, मान्य. उरलेली मोठी मासळी उपसली ती माणसांनीच.

काल काही मासे स्वतः चिरून बघितले. लांबीला ठीक, पण आतड्याभोवती चरबी जवळजवळ नाहीच, अंडाशय बारीक, चपटे. पाणी तापलं की माशाची भूक वाढते, आणि नेमकं तेव्हाच खाणं आटतं. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातले स्नो क्रॅब खेकडे असेच गेले की! २०१८ मध्ये खच्चून होते, मग उष्ण पाण्यात उपासमार, आणि २०२२ मध्ये हंगामच रद्द. चरबीचा तक्ता पुढे केला तर मला सांगतात, "बोटवाले तर खूश आहेत." असणारच!

पण रात्री उलटी शंका येते. मासा कोंडला नसेल, नुसता सरकत असेल तर? मॅकरेल २००७ नंतर आइसलँडच्या पाण्यात शिरला आणि देशादेशांत कोट्यावरून जुंपली. मासा मेला नव्हता, फक्त घर बदललं होतं. आमचं सर्वेक्षण ठरलेल्या चौकटीत फिरतं, बाहेर कोण बघतंय? पण मग पोटं रिकामी का? उपग्रह वरवरचं तापमान देतो, मला खालचं हवंय. उबदार थर किती खोल गेलाय ते कळलं तर कोडं सुटेल.

तुझ्याकडे खोलीनुसारच्या नोंदी आहेत. पाठव. कच्च्या असल्या तरी चालतील, मागच्यासारखं "आधी सगळं तपासतो" करत बसू नकोस, तेव्हा हंगाम संपला होता!

बदलीचं काय झालं? काकांचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? पोरीला म्हणावं, काकाला चित्र मिळालं, शार्कला पापण्या छान काढल्यास.

पुढची बैठक सोमवारी. त्याआधी फोन कर, रात्री दहानंतर.

तुझा,
विन्या