दादा, माझ्या खुर्चीचं माप घेतलंत त्याबद्दल

दादा,

सप्रेम नमस्कार. नाव छापायचं नाही असं तुम्हीच बजावलंय, म्हणून नुसतं दादा. आपल्या भागात पाठीच्या कण्याला मार लागून घरी बसलेला कुणी असेल, तर त्याच्या अंगणात तुमची जादा चाकं लावलेली स्कूटर एकदा तरी उभी राहिलेली असतेच. ओळखणारे बरोबर ओळखतील.

आंब्यावरून पडलो, मणक्याचं ऑपरेशन झालं, कंबरेखालचं गेलं. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं, फिजिओ ताईंनी जीव ओतून मेहनत घेतली. त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण घरी गेल्यावर दिवस कसा काढायचा, हे विचारलं की जो तो म्हणायचा, ‘होईल हळूहळू.’ तुम्ही आलात, घरच्या सगळ्यांना चहाला पिटाळलंत आणि स्वतःची चाकाची खुर्ची खाटेला भिडवून पहिलाच प्रश्न टाकलात, ‘लघवीचं काय करतोस?’

तोवर हा विषय माझ्या डोक्यावरून आई आणि नर्समध्ये चालायचा. तुम्ही स्वतःच्या पिशवीतली नळी काढून दाखवलीत. ती कुठे ठेवता, प्रवासात हात कसे धुता, लग्नकार्यात कोणत्या वेळी पाणी पिता, सगळं सांगितलंत. मग हातआरसा काढलात. रोज रात्री टाचा आणि बैठकीची जागा आरशात बघायची. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल, तर तो निवळेपर्यंत त्या जागेवर भार टाकायचा नाही. हे वॉर्डातल्या तक्त्यावरही लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. पण तुम्ही शर्ट वर करून माकडहाडाजवळचा मुठीएवढा खड्डा दाखवलात आणि म्हणालात, ‘हा एका लाल डागाचा प्रताप. वर्ष खाल्लं यानं माझं.’ त्या रात्रीपासून आरसा चुकलेला नाही.

खुर्चीचं तर विचारूच नका. एका शिबिरात मला ती मिळाली होती. पाठीवर देणगीदाराचं नाव ठळक, फोटोही झाला, फक्त माझं माप कुणी घेतलं नव्हतं. मी तिच्यात एका कुशीवर कलंडून बसायचो आणि सगळे म्हणायचे, सवय होईल. तुम्ही टेप काढलात. मांडी आणि बाजूची फळी यांच्यामध्ये हात जेमतेम सरकेल एवढीच जागा हवी, पायपाट इतकी वर हवी, गादी अशी हवी. नंतर घरी येऊन न्हाणीघराचा दरवाजा बाहेर उघडेल असा फिरवून घ्यायला लावलात. मिस्त्री उताराला जागा नाही म्हणून कुरकुरत होता, तेव्हा ‘एक फूट उंचीला बारा फूट लांबी, नाहीतर हा मागच्या मागे उलटेल’ असं त्याला दमात घेतलंत. त्याच्याकडे हिशेबाची वही होती, तुमच्याकडे उलटण्याचा अनुभव.

कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूक यांना उमेद देणारे बाबूकाका दिवाण स्वतः पॅराप्लेजिक, म्हणजे कंबरेखाली लुळे होते, हे तुम्हीच सांगितलंत. दीदींनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही अपंगांसाठीची संस्था काढली. पुढे सिंधुदुर्गातल्या स्वप्ननगरीत अपंग माणसं काजू प्रक्रियेचं काम करून पगार घेऊ लागली. तिकडे अमेरिकेत बर्कलीला एड रॉबर्ट्स. पोलिओमुळे मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी, रात्री लोखंडी फुप्फुसात, म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या यंत्राच्या पेटीत झोपणारा माणूस. सरकारी पुनर्वसन खात्यानं त्याला ‘काम करण्याच्या पलीकडचा’ ठरवलं होतं. त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी १९७२ मध्ये स्वतंत्र जीवन केंद्र उभं केलं : मदतनीस शोधून देणं, घर मिळवून देणं, खुर्च्यांची दुरुस्ती, आणि अपंगानेच अपंगाला सल्ला देणं. १९७५ साली तो कॅलिफोर्नियाच्या त्याच पुनर्वसन खात्याचा प्रमुख झाला! आज तिथे अशा केंद्राच्या कार्यकारी मंडळात निम्म्याहून जास्त लोक अपंगच असावेत, अशी कायद्याची अट आहे. आपल्याकडे अपंगांच्या संस्थेच्या व्यासपीठावर चढायला पायऱ्या असतात आणि वर बसलेले सगळे त्या चढून आलेले असतात.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी वाद आहे. ‘खुर्चीवरच्यालाच खुर्ची कळते’ हे तुमचं पालुपद मला अर्धंच पटतं. खुर्चीवर बसून नुसती रडगाणी गाणारे आणि ऊठसूट उपदेश पाजणारे मी पाहिलेत. तुम्ही नीट ऐकता, माहीत नसेल तिथे ‘डॉक्टरला विचार’ म्हणता, आणि समोरचा रडला तर घाईने समजूत घालत नाही. हे कसब आहे. ते शिकावं लागतं, आणि कसबाचे पैसे मिळायला हवेत.

तेच तुम्हाला मिळत नाहीत, याचा मला राग आहे. भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारात, पुनर्वसनात समदुःखी माणसाचा आधार असावा हे कलम २६ मध्ये स्पष्ट लिहिलंय. प्रत्यक्षात तुम्हाला तीन डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, शाल-श्रीफळ मिळतं आणि परतीचं पेट्रोल तुमच्याच खिशातून. एवढ्या शाली जमल्यात की वहिनी त्या शेजारपाजारी वाटतात.

मणक्याचे रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांचे कुणी विश्वस्त हे वाचत असतील, तर विनंती आहे : दादांसारख्या माणसाला पाहुणा म्हणून बोलावू नका, नोकरीवर घ्या. टेबल द्या, पगार द्या, आणि रुग्णाला घरी सोडायच्या कागदावर त्याचीही सही लागेल असं करा.

दादा, गादीचे पैसे तुम्ही भरलेत ते दुकानदाराकडून कळलं. रक्कम वहिनींच्या खात्यावर टाकली आहे. परत पाठवू नका, मी पुन्हा टाकीन.

तुमचा,
आंब्यावरून पडलेला