रात्रपाळीलाही सराव हवा

रुग्णालयांच्या आपत्ती-सज्जतेवरील आपला अग्रलेख वाचला. आपत्तीत रुग्णांना बाहेर काढण्याचा सराव बंधनकारक करण्याची सूचना पटली; मात्र त्यातला निदान एक सराव रात्री दोन वाजता, रात्रपाळीच्याच माणसांना घेऊन व्हावा.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास झाला. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ ला आग लागली, तीही मध्यरात्रीनंतर. १७ बाळांपैकी १० दगावली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, दहशतवादी हल्ल्याच्या वेळी, मुंबईच्या कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे दार लावून २० गर्भवतींना सुरक्षित खोलीत हलवले. त्यांच्या धैर्याला तोड नाही, पण अशा प्रसंगावधानावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

मध्यंतरी एका खासगी रुग्णालयात बहिणीजवळ रात्री थांबले होते. आपत्कालीन जिन्याच्या दाराला कुलूप, समोर सलाइनचे स्टँड आणि चाक मोडलेली ट्रॉली. किल्लीचे विचारले तर सिस्टर म्हणाली, "काकू, ती खाली वॉचमनकडे असते." चौथ्या मजल्यावर तीस-बत्तीस रुग्ण आणि परिचारिका दोघीच! बिचाऱ्यांना दोष कसा देणार? त्यांना कुणी शिकवलेलेच नव्हते.

सकाळी, आधी कळवून घेतलेल्या सरावात हे कुलूप कुणाला दिसणार नाही. आरोग्य विभागाने सरावाची वेळ गुप्त ठेवावी आणि किती मिनिटांत किती रुग्ण बाहेर आले, हे रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लावायला सांगावे.

– एक निवृत्त परिचारिका, लातूर