तात्यांचा चरितार्थ

भोपाळ,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय दिलीप,

तुझं पत्र ऑगस्टमध्येच मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नाही. सांगायचं होतं ते मनात नीट बसेपर्यंत लिहावंसं वाटेना. आज सर्वपित्री. सकाळी हिनं खीर-वडे केले, मी गच्चीवर पान ठेवलं, आणि कावळा लगेच आला. कोणाला वाट बघायला लावणं आमच्या तात्यांना कधीच जमायचं नाही, ते तुला माहीतच आहे. दुपारी घर शांत झालं तेव्हा कागद घेऊन बसलो.

तू विचारलं होतंस, बदली होऊन भोपाळला आठ महिने झाले, हिंदी कितपत जमतेय? बोलण्यात अडचण नाही. न्यू मार्केटमध्ये भाव करतो, शेजारच्या आजोबांशी राजकारणावर तासभर बोलतो. अडतं ते कागदावर. आठवीत तू अर्धं हिंदी असलेलं संयुक्त संस्कृत घेतलंस आणि मी मार्कांच्या लोभानं शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं, त्यामुळे माझी हिंदी सातवीतच सुटली. केंद्र सरकारच्या राजभाषा नियमांत, दहावीला हिंदी घेऊन पास झालेल्या कर्मचाऱ्याला 'कार्यसाधक ज्ञान' आहे असं धरतात. माझ्या सेवापुस्तिकेत ती नोंद होईना, म्हणून पुण्यात असताना 'प्रवीण' आणि 'प्राज्ञ' या हिंदीच्या दोन्ही परीक्षा दिल्या. पास झालो आणि वाटलं, झालं आपलं काम. पण १९७६ च्या त्याच नियमांत महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात आहे आणि मध्य प्रदेश 'क' क्षेत्रात, म्हणजे हिंदीभाषक राज्यांत. इथं टिप्पणीपासून मसुद्यापर्यंत सगळं हिंदीतच पुढ्यात येतं, आणि ती हिंदी संस्कृतच्या इतकी जवळची की आपल्याला वाटतं, हे तर सगळं आपलंच आहे. फसगत होते ती तिथंच.

'शिक्षा' म्हणजे शिक्षण, 'संसार' म्हणजे जग, 'मार्ग प्रशस्त करना' म्हणजे वाट मोकळी करून देणं. 'चेष्टा' म्हणजे मनापासून केलेला प्रयत्न. एखाद्या थोर माणसाच्या श्रद्धांजलीत 'उन्होंने बहुत चेष्टा की' असं आलं की मराठी माणूस थबकतोच. हे शब्द दोन-चारदा भेटले की अंगवळणी पडतात. एक शब्द मात्र पडला नाही, आणि तो तू आणि मी रोज संध्याकाळी ऐकत मोठे झालो.

आमचे एक सहकारी ऑगस्टअखेर निवृत्त झाले. शिपाई म्हणून लागले, नोकरी करता करता मॅट्रिक झाले, मग बी.ए., आणि अधीक्षक होऊन बाहेर पडले. त्यांच्या अभिनंदन-पत्राचा मसुदा माझ्याकडे आला. त्यात एक वाक्य होतं, 'आपने अथक परिश्रम से अपनी महत्त्वाकांक्षाओं को चरितार्थ किया।' मी 'चरितार्थ'खाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'उचित नहीं. जीविका का उल्लेख न करें.' मला खरंच वाईट वाटलं होतं. एवढ्या कष्टानं वर आलेल्या माणसाचा सत्कार करायचा आणि त्यात त्याच्या पोटापाण्याचा हिशेब काढायचा, हे मला पटेना.

राजभाषा कक्षातल्या बाई कागद घेऊन आल्या. बनारसकडच्या आहेत, निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलीत. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "सर, मराठी में इसका अर्थ क्या है?" मी म्हटलं, उदरनिर्वाह, गुज़र-बसर. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "अच्छा," म्हणाल्या आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग सांगितलं, "हमारे यहाँ तो जो बात मन में थी, वह जीवन में उतर आई, उसी को चरितार्थ होना कहते हैं।"

त्यानंतर त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या परीक्षेत मिळालं नव्हतं. इच्छा पुरी होण्यासाठी हिंदीत किती शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा किती ठरलेली आहे! साधं बोलताना 'पूरी करना'. 'सपने साकार करना' भाषणात आणि फलकावर, इतकं वापरलेलं की ऐकूच येत नाही. 'मूर्त रूप देना' योजनेला, पुलाला, इमारतीला. 'मनोरथ सिद्ध होना' म्हटलं की त्याला आशीर्वादाचा वास येतो. उर्दूच्या अंगानं गेलं तर 'अरमान निकलना' आणि 'मुराद पूरी होना', पण मुराद मागितलेली असते, दर्ग्यात नाहीतर देवीपुढे. ती देणारा दुसरा कोणीतरी असतो. 'चरितार्थ करना' मात्र माणूस स्वतः करतो. बोलण्यात सहसा येत नाही, लेखी आणि भारदस्त. बहुतेक वेळा म्हणीसाठीच वापरतात, 'कहावत चरितार्थ हो गई', म्हणजे म्हण खरी ठरली. पण एखाद्यानं मनाशी धरलेलं आयुष्यात उतरवलं, तर त्यालाही हाच शब्द.

रात्री आपलं शाळेचं संस्कृत कामाला आलं. चरितः अर्थः येन सः. बहुव्रीही! ज्यानं आपला हेतू आचरून पुरा केला तो चरितार्थ. कृतार्थही तसाच, कृतः अर्थः येन. दोघे सख्खे भाऊ, दिलीप. आपण मराठीत कृतार्थाला देवघरात बसवलं आणि चरितार्थाला पोटापाण्याला लावलं. 'अर्थ'मधला हेतू मागे पडला असेल आणि पैसा पुढे आला असेल, असं मला वाटतं. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात दुष्यंत म्हणतो की राजांची चरितार्थतासुद्धा दुःखच मागे घेऊन येते. तिथं मूळचा अर्थ शाबूत आहे, पोटाचा प्रश्न राजाला कुठला? व्याकरणही बघ कसं बदललं. मराठीत ते नाम आहे, चरितार्थ चालतो. हिंदीत ते विशेषण आहे, चरितार्थ होतं किंवा करावं लागतं.

इथं भोपाळमध्ये माधवराव सप्र्यांच्या नावाचं वृत्तपत्रांचं संग्रहालय आहे, १९८४ साली सुरू झालेलं. गेल्या महिन्यात जाऊन आलो. सप्रे जन्मले दमोह जिल्ह्यात, १८७१ साली. घरची भाषा मराठी, आणि हयात घालवली हिंदीसाठी. १९०० मध्ये 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं, पुढे दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. पिवळ्या पडलेल्या अंकांपुढे उभा असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. या माणसाला हे दोन्ही चरितार्थ एकाच दिवसात, एकाच टेबलावर भेटत असणार, आणि त्याला त्यांतला एकही परका वाटत नसणार. मला तिथपर्यंत जायचंय.

आता तात्यांचं. अभिनंदन-पत्राच्या त्या वाक्यानंतर चार दिवस मला नीट झोप लागली नाही, ती त्यांच्यामुळे. तुला दुकान आठवतंय ना? एसटी स्टँडच्या मागची ती दोन खणांची जागा, जूनमध्ये खाकी चड्ड्यांचे ढीग, तू काज करायचास आणि मी बटणं लावायचो. मशीनच्या टेबलाखाली चिंध्यांवर बसून आपण सुभाषितं घोकायचो आणि वर पायटा चालू असायचा. एकदा तू त्यांना विचारलं होतंस, "तात्या, तुम्हाला काय व्हायचं होतं?" तोंडात दोरा होता. तो त्यांनी दातानं तोडला, सुईत ओवला आणि मग म्हणाले, "चरितार्थ चालवायचा होता, बाळ."

फायनल, म्हणजे सातवी, पास झालेला माणूस. मास्तर व्हायचं होतं, हे मला आईनं सांगितलं, तेही ते गेल्यावर. आजोबा अचानक गेले आणि तेराव्या दिवसानंतर त्यांना मामांनी मशीनवर बसवलं.

त्यांची मापांची एक वही माझ्याबरोबर इथं आलीय, १९८६ ची. परवा काढली. लाल कापडी बांधणी, पानांना अजून खडूची पावडर लागते हाताला. पँट उंची ३९, कंबर ३२, मांडी, बॉटम, आगाऊ ५ रुपये, आणि त्याच्या डोक्यावर, पान सुरू होतं तिथं, त्यांच्या गोल अक्षरात, 'उद्यमेन हि सिध्यन्ति कार्याणि'. पुढचं 'न मनोरथैः' नाही. आपण घोकताना तेवढंच त्यांच्या कानावर पडलं असेल, नाहीतर गिऱ्हाईक आलं असेल. आणखी चार-पाच पानांवर असेच तुकडे सापडले. एका ठिकाणी 'विद्या ददाति विनयम्' लिहून खाली तसंच पुन्हा लिहिलंय, जणू कित्ता गिरवला.

मला मोह झाला होता, की त्यांच्या त्या उत्तरात हिंदीतला, संस्कृतातला अर्थ भरावा. पण तसं करणार नाही. तात्या पोटापाण्याचंच बोलत होते. मास्तर व्हायचं राहिलं ते राहिलंच, आणि त्यावर मी कितीही सुंदर शब्द ठेवला तरी ते भरून निघत नाही.

पण आणखी एक गोष्ट होती. ताईला मास्तरीण करायचं हे त्यांनी ती पाचवीत असतानाच ठरवलं होतं. डी.एड.ला नंबर लागला तेव्हा भाऊबंद म्हणाले, पोरीच्या शिक्षणावर कशाला घालवतोस, लग्नाला ठेव. तात्यांनी दुसरं मशीन विकलं. १९९४ साली ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली, तेव्हा ऐन सीझनमध्ये त्यांनी दुकान दिवसभर बंद ठेवलं होतं. तू पेढे वाटायला होतास.

आमच्याकडे ऑफिसात सध्या हिंदी पखवाडा, म्हणजे पंधरवडा, चालू आहे. हिंदीतर भाषिकांच्या निबंध स्पर्धेत मी नाव दिलं आणि वडिलांवर लिहिलं. आधी बाईंना दाखवला. मी लिहिलं होतं, 'मेरे पिता ने मशीन पर बैठकर मेरी बहन की पढ़ाई को चरितार्थ किया।' त्या म्हणाल्या, "नहीं सर, पढ़ाई चरितार्थ नहीं होती। कहावत होती है, कथन होता है, संकल्प होता है।" आणि वाक्य असं झालं, 'मेरे पिता ने बेटी को अध्यापिका बनाने का अपना संकल्प सिलाई मशीन पर चरितार्थ किया।' वाचून दाखवताना त्या 'सिलाई मशीन पर'पाशी थांबल्या. म्हणाल्या, "अब इसमें आपकी मराठी वाला अर्थ भी आ गया।" मला बोलता आलं नाही.

आता तुझ्याकडे एक काम आहे. हे वाक्य मला मराठीत लिहायचंय आणि जमत नाही. 'संकल्प पूर्ण केला' फारच कोरडं. 'तडीस नेला' चालेल, पण त्यात तात्यांचं मशीन ऐकू येत नाही. 'सार्थकी लावला' म्हटलं की पैशाची, कष्टाची गोष्ट होते, संकल्पाची नाही. 'चरितार्थ केला' असं लिहिलं तर कऱ्हाडात कोणाला समजणार? तू माझ्यापेक्षा जास्त वाचतोस. दोन दिवस डोक्यात ठेव आणि सुचेल ते कळव. काकूंनाही विचार, त्यांच्याकडे जुने शब्द असतात.

ताईला मात्र यातलं काही बोलू नकोस. दिवाळीत येतोय, तेव्हा वही घेऊन येईन आणि मीच तिच्यासमोर वाचेन.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश