ओबामांच्या चित्रातली शेवंती आणि आमची आई

गाईड काकू, नमस्कार,

तुमचं नाव विचारायचंच राहून गेलं बघा. इंग्लिशमध्ये पण पाठवणार आहे हे, पण आईला स्वतःला वाचता यावं म्हणून आधी मराठीत लिहितेय.

फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या लाँग वीकेंडला आम्ही व्हर्जिनियाहून मेट्रोने वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आलो होतो, मी, आई आणि माझा सात वर्षांचा मुलगा. आईचे गुडघे दुखतात त्यामुळे जी स्ट्रीटच्या रॅम्पवरून आत आलो, तिथेच फुकट व्हीलचेअर मिळाली. नवीन कवळी बसवल्यापासून आई बोलायचीच बंद झाली होती. शब्द नीट उमटत नाहीत म्हणून लाज वाटायची तिला, फोनवर मावशीशीसुद्धा नुसतं हं हं करायची, आणि मला खरंच खूप काळजी वाटत होती.

तुम्ही ग्रुपला गिल्बर्ट स्टुअर्टचं १७९६ सालचं वॉशिंग्टनचं ते भलंमोठं पूर्ण उंचीचं चित्र दाखवत होता, मागे इंद्रधनुष्य असलेलं. आम्ही मागे उभे होतो तर तुम्ही सगळ्यांना बाजूला करून आईची खुर्ची पुढे घेतलीत आणि माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून बोलायला लागलात, मी आपली मधेमधे मराठीत सांगत होते. वॉशिंग्टनने नुकतेच खोटे दात बसवले होते म्हणून ओठ असे घट्ट मिटलेत, लोक म्हणतात तसे ते लाकडाचे नव्हते, पाणघोड्याच्या दातांपासून वगैरे बनवलेले असायचे, हे तुम्ही सांगितलंत आणि आई एकदम म्हणाली, "अगं बाई, यालापण टोचत असणार!" कित्येक दिवसांनी तिचं एवढं मोठं वाक्य ऐकलं ओ मी. तुम्हाला इंग्लिशमध्ये सांगितल्यावर तुम्ही तिचा हात हातात घेतलात, ते मी विसरणार नाही.

मग ओबामा. केहिंदे वायलीने काढलेलं, २०१८ मध्ये लावलेलं, मागे नुसती हिरवी पानं आणि फुलं. मला वाटलं होतं की ही डिझाईन म्हणून काढलीयेत. आईने बोट दाखवून "ही शेवंती, ती जाई" असं सांगायला सुरुवात केली आणि तुम्ही थांबून ऐकत राहिलात. मग सांगितलंत की शेवंती शिकागोचं फूल, जाई हवाईची जिथे त्यांचा जन्म झाला, आणि निळी आफ्रिकन लिली वडिलांच्या केनियाची. आयुष्यात आलेली गावंच फुलांतून मांडलीत त्याने! तुम्ही "शेवंती" हा शब्द आईकडून तीनदा म्हणवून घेतलात आणि कागदावर लिहून घेतलात, आणि आई, जिला महिनाभर बोलायची लाज वाटत होती, ती तुम्हाला उच्चार शिकवत होती.

मधे लिंकनचंही ऐकलं, सिव्हिल वॉरमध्ये याच बिल्डिंगमध्ये जखमी सैनिक ठेवले होते आणि १८६५ च्या मार्चमध्ये इथेच लिंकनच्या दुसऱ्या शपथविधीचा बॉल, म्हणजे नाचाचा समारंभ, झाला. पण माझं अर्धं लक्ष आईकडेच होतं.

नंतर काचेच्या छताखालच्या त्या अंगणात मुलांसाठी कागद, रंग मांडून ठेवले होते. मुलगा आधी फरशीवरच्या पाण्यात थपथप करून बूट भिजवून आला. तुमची ड्युटी संपली असावी तरी तुम्ही आलात आणि त्याला म्हणालात, ज्याचं चित्र काढतोस त्याच्या मागे त्याच्या गावाचं काहीतरी काढ. त्याने आजी काढली, मागे आमच्या सांगलीच्या घरचं तुळशीवृंदावन आणि शेवंतीची पिवळी फुलं, आणि तोंड उघडं काढलं, दात दिसतील असं. मी म्हटलं, अरे तोंड मिट, तर म्हणाला आजी बोलतेय ना!

आई परवा परत गेली. चित्र वाकू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमधे घालून हँडबॅगेतनं नेलंय. काल मावशीचा मला फोन आला, म्हणे अगं ताई पाऊण तास बोलत होती माझ्याशी, त्या गाईड बाईंबद्दलच. खूप खूप आभार काकू.