आधी बुडालेला ओव्हरटाइम द्या, मग बारा तासांचं बोला
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

ठेकेदाराने माझा ओव्हरटाइम बुडवला, हे कामगार न्यायालयाने मान्य केलं. वसुलीचा दाखला जिल्हाधिकारी कार्यालयात गेला, तिथून तहसीलला. गेल्या आठवड्यात तिथले क्लार्क म्हणाले, "या नावाची फर्म पत्त्यावर नाही." असेल कशी? ठेकेदाराने बायकोच्या नावाने नवी फर्म काढलीय आणि त्याच कंपनीच्या त्याच गेटवर माणसं पुरवतोय. ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करायची असते ना? शेतकऱ्याचा सारा थकला तर पत्ता शोधावा लागत नाही, साहेब.

कारखाने अधिनियम १९४८, कलम ५९ सांगत होतं : जादा कामाला दुप्पट मजुरी. आम्हाला मिळायचा सिंगल, तोही रोखीने, सुपरवायझरच्या कच्च्या वहीवरून. नंतर तोही बंद झाला. मस्टरवर रोज आठच तास. कोर्टात ठेकेदाराच्या वकिलाने तेच मस्टर पुढे केलं आणि पुरावा मागितला. माझी कंबर दाखवायची होती का? केस टाकली म्हणून गेटपास गेला. मग नाक्यावर मिळेल ते काम, आणि तारखेच्या दिवशी तेही नाही. बायकोची पोत गहाण पडली ती अजून सुटलेली नाही. हे कुठल्या आदेशात धरलेलं नसतं. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने द्यायचे, असं १९७० चा कंत्राटी कामगार कायदा सांगत आला. कंपनी म्हणते, हा आमचा माणूसच नाही.

आणि आपण काय केलंत? सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांचा करायला मंजुरी दिली. तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास. वर्षाचे ५७६ झाले, म्हणजे आठ तासांचे ७२ दिवस. कामगाराच्या लेखी संमतीने म्हणे! आमच्या सह्या भरतीच्या दिवशीच कोऱ्या कागदांवर घेतलेल्या असतात, त्यातला एखादा काढतील. कोरोनात गुजरात सरकारने बारा तास लावून दुप्पट दर काढून टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला ती अधिसूचना रद्द केली. आपल्याकडे दुप्पट दर कागदावर शाबूत आहे, एवढाच फरक.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नव्या संहिता लागू झाल्या. दाव्याला तीन वर्षं मुदत, कामावरून काढलं तर हिशेब कामाच्या दोन दिवसांत. छान. पण देणार कोण आणि न दिल्यास त्याच्या दारात जाणार कोण? उद्योजकाला सगळ्या परवानग्या एका खिडकीत. आम्हाला आधी कामगार आयुक्त, मग कोर्ट, मग कलेक्टर, मग तहसील, आणि प्रत्येक ठिकाणी साहेब मीटिंगला गेलेले. सरकार कुणाचंही येवो, गुंतवणुकीचे करार टाळ्यांच्या गजरात होतात. थकलेल्या मजुरीचा आकडा कुणी मंचावरून वाचल्याचं मी ऐकलं नाही.

तो वाचा. जिल्हावार यादी लावा : वसुलीचे किती दाखले पडून आहेत, किती रकमेचे, कोणत्या कंपन्यांच्या ठेकेदारांचे. ठेकेदार गायब असेल तिथे मूळ मालकाकडून वसूल करा. ते होईपर्यंत बारा तासांच्या संमतीचा कागद आमच्यापुढे धरू नका.

आपला,
एक कंत्राटी कामगार