विषय: तुमच्या अपडेटने माझ्या उकारांवर मारलेली रेघ

नारायण पेठ, पुणे

व्यवस्थापक,

आत्ताच तुमच्या मदत केंद्राला केलेला पाचवा फोन ठेवला. ‘कॅशे क्लिअर करून बघा’ हे चौथ्यांदा ऐकलं. चारही वेळा केली.

उत्पादन तुमचंच आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही. तुमच्या वेबसाइट-सेवेवर उभ्या केलेल्या माझ्या साइटवर मराठी शुद्धलेखनाचे धडे आहेत. चुकीचा शब्द यू टॅगमध्ये, म्हणजे अधोरेखनाच्या खुणेत, खाली लाल नागमोडी रेघ, जाडी दोन पिक्सेल, टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट (रेघ किती खाली, ते) 0.3 एम. लिंकला साधी सरळ रेघ. तीस वर्षं अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांची प्रुफं तपासली आहेत. लाल रेघ कुठे ओढायची ते मला कळतं.

नव्या थीमनंतर नागमोड गेली, लाल गेला, जाडी गेली. इन्स्पेक्ट करून पाहिलं. तुमच्या फाइलमध्ये यू आणि ए (लिंकचा टॅग), दोघांना मिळून एकच ओळ: टेक्स्ट-डेकोरेशन: अंडरलाइन, शेपटीला इम्पॉर्टंट, म्हणजे माझ्या नियमांवर मात. हा शॉर्टहँड आहे हो, अनेक गुणधर्म एका ओळीत. त्यात जे लिहिलं नाही ते मूळपदावर जातं: स्टाइल सॉलिड, रंग अक्षराचाच, जाडी ऑटो. ऑफसेट तेवढा वाचला, कारण तो या शॉर्टहँडमध्ये येतच नाही. मी उलट इम्पॉर्टंट लिहावं, तर तुमची कस्टम सीएसएसची (साइटच्या दिसण्याचे माझे नियम लिहायची) चौकट सेव्ह करताना ते गुपचूप गाळते.

त्यावर कळस म्हणजे स्किप-इंक: नन. मुळात ही किंमत ऑटो असते. उकार आडवा आला की ब्राउझर तिथे रेघ तोडतो. तुम्ही ही ननची ओळ मुद्दाम जोडलीत. आता रेघ थेट उकाराच्या पोटातून जाते आणि तो ह्रस्व की दीर्घ, काही कळत नाही. माझा अख्खा धडाच ‘दूध, पण दुधात’ आणि ‘फूल, पण फुलाला’ यावर आहे!

आजचं संभाषण जसंच्या तसं देते.

“मॅडम, ऑफसेट चालतोय ना? म्हणजे तुमचं सीएसएस लागतंय. मग चूक तुमच्या कोडमध्ये.”

ऑफसेट का वाचला ते सांगितलं. सात मिनिटं बासरी ऐकवलीत. मग:

“मॅडम, स्क्रीनशॉटमध्ये अंडरलाइन तर दिसतेय.”

“दिसते, पण उकारातून गेलीय. ‘दूध’ आहे की ‘दुध’, तुम्हीच सांगा.”

थोडा वेळ शांतता. “दूधच असणार ना, मॅडम?”

“असणार नको, दिसायला हवं.”

“मग मॅडम, उकार नसलेले शब्द वापरता येतील का?”

शुद्धलेखनाच्या धड्यात उकार नसलेले शब्द. दूध नको, क्षीर लिहू? आणि पुण्याचं काय करायचं, त्याच्या पहिल्याच अक्षराला उकार आहे! त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्यासमोर जो कागद ठेवलाय त्याच्यावर आहे. कॅशे क्लिअर करा, हे त्याने यानंतरही सांगितलंच.

काल कोथरूडच्या एका पालकांचा फोन आला, “बाई, ‘पाहूणा’वर क्लिक केलं तर काहीच उघडत नाही.” उघडणार कसं, तो चुकीचा शब्द आहे, लिंक नाही. दोन्हींखाली आता एकच काळी रेघ.

काम पाच मिनिटांचं आहे. त्या ओळीत नुसतं टेक्स्ट-डेकोरेशन-लाइन लिहा, इम्पॉर्टंट काढा, स्किप-इंकची ओळ उडवा. आठ दिवसांत झालं नाही तर वर्षाच्या प्लॅनचे उरलेले पैसे परत हवेत. नाहीतर 1915 वर तक्रार करीन आणि तिथूनही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. सेवानिवृत्त आहे, वेळ भरपूर आहे. सहा वर्षं तुमच्याकडे आहे, तिघींना तुमचं नाव सुचवलं, त्याची आता लाज वाटते.

तुमच्या कालच्या ईमेलमध्ये ‘आम्ही दिलगिर आहोत’ असं आहे. ‘गी’ दीर्घ हवा. खाली लाल नागमोडी रेघ मारून साइटवर लावणार होते, पण ती तुमच्याकडे उमटत नाही.

— एक ग्राहक, सध्या तरी